सरळ रेषेत

विट्याच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या शेजारी
माझं तिकिटांचं दुकान. एक टेबल, एक पंखा,
आणि दिवसभर गलाईवाल्यांची ये-जा:
कुणाला मदुराई, कुणाला त्रिशूर, कुणाला काठमांडू.

लेंगऱ्याच्या शालनकाकू आल्या,
मोबाइल पदराच्या गाठीत.
"आमचा सुदाम ऱ्हातो ते गाव किती लांब,
बघ की तुझ्या डब्यात."

मी टाकलं: पुणे, गुवाहाटी.
डबा म्हणाला,
सरळ रेषेत दोन हजारांवर किलोमीटर,
विमानानं तीन तास.

काकूंनी बोटं मोजली.
"म्हंजे तासगावावरनं मिरजेला जायचं,
दवाखान्यात नंबर लावून बसायचं, तेवढंच?"
"तेवढंच."
"मग चार वर्सं कशाला लागली त्याला?"

हे कुठल्या चौकटीत टाइप करायचं
मला ठाऊक नाही.

मीही होतो तिथं, फॅन्सी बाजारच्या मागं, अकरा वर्षं.
सोनारांच्या दुकानांतली झाडलोट विकत घ्यायची,
जाळायची, तेजाबात टाकायची,
राखेतून गुंजभर उजेड काढायचा.
सोनं ज्याचं त्याला गेलं.
खोकला मात्र माझ्याकडं आला,
घट न धरता.

तेव्हा रेषा सरळ नव्हती.
कराडपर्यंत एसटी, मग रात्रीची गाडी,
कल्याणच्या फलाटावर पहाट, पुढं अडीच दिवस.
किती लांब आलो ते मी
खिडकीशी येणाऱ्या हाकेवरून ओळखायचो.
भुसावळपर्यंत चहा.
मग चाय. दीड दिवस नुसता चाय, चाय.
न्यू जलपाईगुडीच्या अलीकडं-पलीकडं कधीतरी चा.
आणि ब्रह्मपुत्रेचा मोठा पूल धडधडू लागला
की एक पोरगं किटली घेऊन ओरडायचं: साह!
लिहितात चाह, म्हणतात साह.
शब्द फिरून फिरून घराजवळ आलेला
आणि मी घरापासून सगळ्यात लांब.

आईनं बांधून दिलेली भाकरी
तिसऱ्या रात्री पत्र्यासारखी वाजायची.
पाण्याचा हात लावायचा,
तुकडा दाढेखाली धरून बसायचं.
चावायचं नाही. वाट बघायची.

काकूंचं तिकीट काढलं. खिडकीची जागा.
नातीचं बारसं होतं, पैसे सुदामनं पाठवलेले.
"वरनं लेंगरं दिसंल का रं?"
दिसेल म्हणालो.
खोटं बोललो. विमान पुण्याहूनच तिकडं वळतं,
लेंगरं कुठल्या कुठं मागं राहतं.

त्या दिवशी बारा वाजता
मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
एकाचं कोइमतूर रद्द केलं.
वीज गेली. वीज आली.
समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली, तेल कडवट होतं.
आटपाडीला गेलेली एसटी
आटपाडीहून परत आली, तोच कंडक्टर.
तिनाला फोन वाजला.

"पोचले रं. हितं तर ऊन कलायला लागलंय.
तुझ्या घड्याळात किती?"
"तीन. तुमच्याही तीनच, काकू."
"काय की बाई."
मागं कुणीतरी तान्हं रडत होतं.
"आन् ऐक, फाटंची भाकरी सोडली आत्ता.
आजून मऊ हाय."

बरं म्हणालो.
फोन ठेवल्यावर जीभ आपोआप
उजवीकडच्या दाढेशी गेली, त्याच.
पुढचं गिऱ्हाईक केव्हाचं विचारत होतं,
किती लांब.